ब्रेव्हली कुठे बसवलंत?

वह्या उघडा. कुजबुज नको. लाल शाई बघून तोंड पाडायचं काम नाही. ज्याला पाडायचं असेल त्याने घरी जाऊन पाडावं.

निबंधाचा विषय साधा होता. आपल्या मुलखात खरोखर घडलेलं एखादं धैर्याचं कृत्य, इंग्रजीत, दीडशे शब्दांत. आपला मुलूख म्हणजे कुठला तेही सांगितलं होतं. तळवली, घणसोली, रबाळे इथपासून पनवेल-उरणपर्यंत, आणि फारच अडलं तर महाराष्ट्र. विषय तुम्ही बरे निवडलेत, तेवढं मान्य करते. चिरनेर आहे, जासई आहे, तुकाराम ओंबळे आहेत, एका मुलीने तर नामदेव जाधव शोधून काढले. पण वाचायला घेतलं की सगळ्या वह्या एकाच हाताने लिहिल्यासारख्या. चिरनेरचे लोक ‘फॉट ब्रेव्हली’. जासईचे शेतकरी ‘फॉट ब्रेव्हली’. ओंबळे ‘फॉट ब्रेव्हली’. नामदेव जाधव ‘फॉट व्हेरी ब्रेव्हली’, कारण ते फौजेतले, त्यांना एक ‘व्हेरी’ जास्त! नावं हाताने झाकली तर कोण कुठला, कधीचा, त्याच्या हातात काय होतं, समोर कोण उभं होतं, काही म्हणता काही कळत नाही. कळतं एवढंच, की लिहिणाऱ्याला एक शब्द सापडला आणि तो त्याने मिळेल तिथे चिकटवला.

फोनवरून उतरवलंत का, हे मी विचारणार नाही. विचारलं की तुम्ही खोटं बोलाल आणि मग त्याची वेगळी शिक्षा द्यावी लागेल. पण ज्या पोराला कालपर्यंत ‘डझन्ट’ आणि ‘डोन्ट’ यांतला फरक कळत नव्हता, तो आज ‘इन द फेस ऑफ इन्सर्माउंटेबल ऑड्स’ लिहितो, तेव्हा मी काय समजायचं? उभा राहू नकोस, बस. अर्थ विचारला तर घाम फुटेल.

आधी उघडउघड चुका, पटकन. त्यांच्यात मला वेळ घालवायचा नाही.

‘ही वॉज व्हेरी ब्रेव्हली.’ अर्ध्या वर्गाने लिहिलंय. मराठीत सांगा हे वाक्य. ‘तो खूप धैर्याने होता.’ तुमची आजी ऐकेल तर विचारेल, होता म्हणजे कुठे होता, काय करत होता? माणूस ब्रेव्ह असतो. ब्रेव्हली असतं ते त्याचं करणं. ‘वॉज’च्या पुढे माणसाचा गुण येतो, करण्याची रीत येत नाही. सातवीतली गोष्ट आहे ही, दहावीत सांगायला मला लाज वाटते.

‘ही सेव्ह्ड ब्रेव्हली द चाइल्ड.’ मराठीत तुम्ही धैर्याने हा शब्द वाक्यात कुठेही फिरवा, कुणी अडवत नाही. ‘त्याने धैर्याने मुलाला वाचवलं’, ‘मुलाला त्याने धैर्याने वाचवलं’, दोन्ही चालतं. आपल्या विभक्तीचे प्रत्यय प्रत्येक शब्दाला बांधून ठेवतात, म्हणून ही मोकळीक. इंग्रजीला ती चैन परवडत नाही. तिथे क्रियापद आणि त्याचं कर्म यांच्या मध्ये घुसायचं नाही. आणि ‘ब्रेव्हलियर’ असा शब्द नाही. ‘मोअर ब्रेव्हली’. झालं.

आता खरी गोष्ट. फळ्याकडे बघा. दोन वाक्यं लिहिते.

‘ही आन्सर्ड ब्रेव्हली.’ ‘ही ब्रेव्हली आन्सर्ड.’

फरक सांगा. कोण सांगतंय? ‘मॅडम, सेम आहे.’ सेम असतं तर मी खडू कशाला झिजवला असता? पहिल्या वाक्यात उत्तर देण्याची रीत धैर्याची आहे. आवाज कापला नाही, नजर खाली गेली नाही. दुसऱ्या वाक्यात तो कसा बोलला याच्याशी मला देणंघेणं नाही. कदाचित अडखळतच बोलला असेल, घशाला कोरड पडली असेल. पण उत्तर दिलं, गप्प बसू शकला असता तरी दिलं, हेच धैर्य. मराठीत आपण पहिल्याला ‘त्याने ठामपणे उत्तर दिलं’ म्हणू आणि दुसऱ्याला ‘त्याने धाडस करून उत्तर दिलं’. मराठी शब्द बदलते, इंग्रजी जागा बदलते. क्रियापदाच्या मागे बसलेलं ब्रेव्हली कृतीची रीत सांगतं. बहुतेक वेळा क्रियापदाच्या आधी आलं की ती कृती करायला घेण्यातच धैर्य होतं असा लिहिणाऱ्याचा निवाडा असतो. कर्मणी प्रयोगात थोडी गडबड होते, ‘द पोस्ट वॉज ब्रेव्हली डिफेंडेड’ म्हटलं की तिथे रीतच असते, पण ते पुढच्या आठवड्यात.

म्हणजे काय झालं? ब्रेव्हली कुठे ठेवायचं हे ठरवण्याआधी तुम्हाला माहीत हवं की त्या माणसाचं धैर्य नेमकं कुठे होतं. ठरवण्यात, की करण्यात? ते माहीत नसेल तर शब्द कुठे बसवणार? तुम्ही तो सगळीकडे वाक्याच्या शेवटी टाकलात, कारण तुम्हाला घटनाच माहीत नव्हती. ही व्याकरणाची चूक नाही. ही आळसाची चूक आहे, आणि तिचे मार्क मी दुप्पट कापते.

चिरनेर घ्या. घणसोलीत राहणाऱ्याने, ज्याचं आजोळ उरणला आहे असं स्वतःच निबंधात लिहिलंय त्याने, लिहावं ‘द पीपल ऑफ चिरनेर फॉट ब्रेव्हली विथ ब्रिटिश आर्मी’? कुठली आर्मी? 25 सप्टेंबर 1930 ला चिरनेरच्या अक्कादेवीच्या डोंगरावर कुठलंही सैन्य नव्हतं. होते ते पोलीस, वनखात्याची माणसं आणि मामलेदार. आणि समोर आसपासच्या गावांतले आगरी, कोळी, कातकरी. ते लढाई करायला डोंगर चढले नव्हते. लाकूड तोडायला चढले होते. गांधींच्या सविनय कायदेभंगाचं वर्ष. मीठ उचलणं जसा समुद्राकाठी गुन्हा होता, तसं सरकारी ठरवलेल्या जंगलातून लाकूड तोडणं डोंगराकाठी गुन्हा होता. पिढ्यान्‌पिढ्या ज्या रानातून सर्पण आणलं, त्याच रानात कोयता चालवला की गुन्हेगार. म्हणून कोयते घेऊन, ठरवून, दिवसाढवळ्या लोक वर गेले. गोळीबार झाला. आठ गावकरी गेले. मामलेदार जोशीही तिथेच मारले गेले.

त्या आठांत एक नाग्या महादू कातकरी होता. कातकऱ्याला जंगलाचा कायदा म्हणजे काय, हे तुम्हाला समजायला हवं. ज्याच्याकडे सात-बारा नाही, जमिनीचा तुकडा नाही, त्याच्यासाठी रान म्हणजे चूलही आणि रोजगारही. तो डोंगरावर लढायला नाही, तोडायला गेला.

आता लिहा फळ्यावर कुणीतरी. ‘दे कट द वुड ब्रेव्हली.’ वाचा मोठ्याने. हसू आलं ना? लाकूड काय शौर्याने तोडायचं असतं? कोयता जोरात मारला म्हणजे धैर्य? लाकूड तर ते रोजच तोडत होते, आणि तशाच हाताने तोडत होते. आता शब्द पुढे आणा. ‘दे ब्रेव्हली कट द वुड.’ बघा काय झालं. लाकूड तोडण्याची रीत तीच, रोजचीच, साधी. पण त्या दिवशी, त्या डोंगरावर, बंदुका समोर असताना तोडायला घेणं, यात सगळं आलं. एक शब्द तीन जागा पुढे सरकला आणि 25 सप्टेंबरचा दिवस वाक्यात आला. हे तुम्हाला ‘फॉट ब्रेव्हली’ने जमलं असतं का? तुम्ही तर त्यांना सैनिक करून टाकलंत. सैनिकाला पगार असतो, हुकूम असतो, हातात बंदूक असते. यांच्याकडे तिन्हींतलं काहीच नव्हतं, आणि ते नसणंच तुम्ही त्यांच्याकडून काढून घेतलंत.

खिडकीजवळच्या, तू हसू नकोस. तुझी वही अजून यायची आहे.

जासई. हे मला जास्त लागतंय, कारण तुमच्यातल्या कितीतरी जणांची घरं आणि घरातली भांडणंसुद्धा साडेबारा टक्क्यांच्या भूखंडावर उभी आहेत. नवी मुंबई वसवायला सिडको 1970 मध्ये आली. ठाणे आणि तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातल्या 95 गावांची जमीन नव्या शहरासाठी घ्यायची ठरली. आज तळवली नाक्यावर उड्डाणपुलाखाली तुम्ही वडापाव खाता, तो शहराचा भाग ज्यांच्या भातखाचरांवर, मिठागरांवर उभा राहिला त्यांचा मोबदल्याचा झगडा वर्षानुवर्षं चालला. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जानेवारी 1984 मध्ये उरण भागात आंदोलन पेटलं. 16 जानेवारीला जासईजवळ दास्तान फाट्यावर गोळीबार झाला, दोघे गेले. दुसऱ्या दिवशी, 17 जानेवारीला, नवघरजवळ पुन्हा गोळीबार झाला, तिघे गेले. पाच हुतात्मे. विकसित भूखंडातला साडेबारा टक्के वाटा मूळ मालकाला मिळावा हे धोरण पुढे आलं, त्याच्या मुळाशी हे दोन दिवस आहेत.

तुम्ही काय लिहिलंत? ‘फार्मर्स फॉट ब्रेव्हली फॉर देअर राइट्स.’ एक वाक्य. पुढच्या वाक्यात एकदम विमानतळ!

अरे, 17 तारखेचा विचार करा. आदल्या दिवशी दोन माणसं गोळीने गेलेली आहेत. बातमी रात्रीतून गावोगाव पोचलेली आहे. सकाळी कुणाच्या तरी आईने, बायकोने दारात हात धरला असेल की आज जाऊ नका. आणि तरी लोक पुन्हा रस्त्यावर आले. इंग्रजीत लिहायचं झालं तर ‘द नेक्स्ट डे दे केम आउट अगेन’. या वाक्यात ब्रेव्हली आहे का? नाही. गरज आहे का? ‘अगेन’ने सगळं काम केलं. ‘ब्रेव्हली केम आउट अगेन’ लिहिलंत तर चूक नाही, जागाही बरोबर आहे, पण तुमचा वाचक मूर्ख नाही. गोळीबारानंतर दुसऱ्या दिवशी बाहेर पडणं धैर्याचं होतं हे त्याला कुणी सांगावं लागत नाही. तारखा नीट दिल्यात तर विशेषण-क्रियाविशेषणं आपोआप गळतात. कालवणात मीठ बरोबर पडलं की वरून पुन्हा घालायला कुणी उठत नाही. आणि तुमच्या निबंधात तारीखच नाही. पाच जणांचा आकडाही तिघांनीच दिलाय, त्यातला एक ‘मेनी’ म्हणून.

एकाने 10 जून 2021 ची मानवी साखळी लिहिली. नवी मुंबईच्या विमानतळाला दि. बां.चं नाव द्या म्हणून लोक रस्त्याच्या कडेला रांगेने उभे राहिले, आणि 24 जूनला, दि. बां.च्या पुण्यतिथीला, बेलापूरला सिडको भवनाला घेराव घालायला निघाले, तो काळ. हा विषय मला आवडला. घरातलं बघून लिहिलंय, आईने घातलेल्या मास्कचा रंगसुद्धा आहे. आणि मग शेवटी काय? ‘ऑल पीपल स्टुड ब्रेव्हली इन द चेन.’ बाळा, करोनाचे दिवस होते, ऊन होतं, पाय दुखले असतील, निष्ठा होती. त्याला ‘पेशंटली’ म्हण, ‘पीसफुली’ म्हण, ‘प्राउडली’ म्हण. पण ज्या शब्दाने तू दास्तान फाट्यावरच्या माणसांना ओवाळणार आहेस, तोच शब्द इथे खर्च केलास तर तिथे काय द्यायचं? सगळ्यांना एकच पदक वाटलं की ते पदक राहत नाही, बिल्ला होतो. ‘आईने मास्क घातला होता आणि तीन तास ती रांगेतून हलली नाही’ एवढंच ठेवलं असतंस तर मी पैकीच्या पैकी दिले असते.

तुकाराम ओंबळ्यांबद्दल सात जणांनी लिहिलंय, सातही वेळा ‘विदाउट एनी वेपन’. हे खोटं आहे. त्यांच्या हातात लाठी होती. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री गिरगाव चौपाटीजवळच्या नाकाबंदीवर ओंबळे उभे होते, सहायक उपनिरीक्षक, आणि गाडीतून उतरलेल्या अजमल कसाबच्या हातात एके-47. त्यांनी तिची नळी धरली. गोळ्या सुटल्या, अंगात घुसल्या, पण त्यांनी नळी सोडली नाही. त्यामुळे कसाब जिवंत पकडला गेला. 2009 मध्ये त्यांना मरणोत्तर अशोक चक्र मिळालं. आता ही एक जागा आहे, जिथे ब्रेव्हली दोन्हीकडे शोभतं. ‘ब्रेव्हली ग्रॅब्ड’ म्हटलं तर पुढे होण्याचा निर्णय, ‘हेल्ड ऑन ब्रेव्हली’ म्हटलं तर गोळ्या लागल्यावरही न सुटलेली पकड. कुठलं घ्यायचं ते लिहिणाऱ्याने ठरवावं. मी दुसरं घेईन. धरणं क्षणाचं काम होतं, न सोडणं त्याहून कठीण. पण कुणी पहिलं घेतलं आणि मला कारण सांगितलं, तर मी मार्क कापणार नाही. कारण न सांगता घेतलं तर कापेन.

आणि लाठी लिहायची. लाठी काढून टाकली की प्रसंग मोठा होतो असं वाटतं तुम्हाला? उलट आहे. समोर एके-47 आणि हातात लाठी, यातली विसंगतीच वाचणाऱ्याच्या अंगावर येते. ‘विदाउट एनी वेपन’ हे तीन शब्द गाइडमधले आहेत, चौपाटीवरचे नाहीत.

नामदेव जाधवांवर लिहिणाऱ्या मुलीला मी पहिला मान दिला असता. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातला शिपाई, मराठा लाइट इन्फन्ट्रीचा, इटलीत सेनियो नदीवर, 9 एप्रिल 1945. हे सगळं बरोबर आहे. व्हिक्टोरिया क्रॉसही बरोबर. पण मग तू एकदम ‘ही अटॅक्ड द जर्मन्स व्हेरी ब्रेव्हली’ वर उडी मारलीस आणि मधला सगळा भाग खाऊन टाकलास. त्या माणसाने आधी काय केलं? जखमी साथीदाराला उचलून खोल पाण्यातून, उभ्या बांधावरून, सुरुंग पेरलेल्या पट्ट्यातून पलीकडे सुरक्षित पोचवलं. तोफगोळे आणि मशिनगन चालू असताना. आणि मग तो परत गेला, दुसऱ्या जखमीला आणायला. हल्ला त्याच्यानंतरचा. तिथेही हाताला गोळी लागून बंदूक चालवता येईना तेव्हा हातबॉम्ब घेतले. सांग, या सगळ्यात ‘व्हेरी ब्रेव्हली’ला बसायला जागा कुठे आहे? ‘ही वेंट बॅक’ हे लिही. पहिल्या फेरीत माणसाला माहीत नसतं की वाटेत काय आहे. दुसऱ्या फेरीत सगळं माहीत असतं, सुरुंग कुठे आहेत, गोळ्या कुठून येतात. तरी गेला. तू ‘बॅक’ गाळलंस आणि ‘व्हेरी’ घातलंस.

लष्करी शौर्यपदकांची मानपत्रं कधी वाचा. त्यांच्यातही मोठमोठे शब्द असतात, नाही असं नाही. पण त्याआधी ठिकाण असतं, वेळ असते, नदी किती खोल, बांध किती उंच, कुणाला उचललं, कितव्यांदा. हिशेब आधी, गौरव मागून. तुम्ही गौरवच दिलात, हिशेब घरी ठेवलात.

आता त्या हुशार मंडळींकडे येते, ज्यांनी ब्रेव्हलीला कंटाळून कोश उघडला. कोश उघडलात याबद्दल शाबासकी. उघडून जो पहिला दिसला तो उचललात याबद्दल कानपिचक्या.

‘बोल्डली’ म्हणजे ब्रेव्हली नव्हे. बोल्ड माणूस घाबरत नाही, पण तो कधीकधी अदब ठेवत नाही. ‘शी स्पोक बोल्डली टू हर टीचर’ म्हटलं तर ती निर्भीड होती की उद्धट, हे पुढचं वाक्य ठरवतं. मुंबईच्या मराठीत तर बोल्ड म्हणजे सिनेमातलं दृश्य, नाहीतर कॉम्प्युटरवरचं जाड अक्षर. क्रिकेटमधला बोल्ड हा निराळाच शब्द, त्याचा याच्याशी काही संबंध नाही. ‘फिअरलेसली’ आणि ब्रेव्हली हेही जुळे नाहीत. ज्याला भीती वाटलीच नाही तो फिअरलेस. ज्याला वाटली, पोटात गोळा आला, आणि तरी ज्याने पाय मागे घेतला नाही, तो ब्रेव्ह. म्हणून चिरनेरच्या माणसांना फिअरलेस म्हणताना जपून. त्यांना भीती वाटलीच नसेल असं तुम्ही कशावरून म्हणता? त्यांना घरदार होतं. ‘करेजसली’ला थोडा लांबचा पल्ला आहे, क्षणापेक्षा चिवटपणे टिकून राहण्याचा. अलिबागजवळ चरीच्या कुळांनी खोतांची जमीन कसायचीच नाही असं 1933 मध्ये ठरवलं आणि नारायण नागू पाटलांच्या मागे उभं राहून वर्षानुवर्षं तो संप टिकवला, दुसरीकडे मजुरी केली, लाकडं विकली, पण नांगर धरला नाही. तिथे तो शब्द बरोबर बसेल. यावर कुणीच लिहिलं नाही. इतका जवळचा विषय!

आणि ‘डेरिंग’. हा शब्द आपण मराठीच करून टाकलाय. ‘त्याच्यात डेरिंग आहे’, ‘डेरिंग कर ना’. ठीक आहे, बोलायला हरकत नाही. पण मागच्या बाकावरच्या महाशयांनी निबंध लिहिलाय एका मित्रावर, जो ठाणे-बेलापूर रस्त्यावर रात्री बाइकचं पुढचं चाक उचलतो, ‘डेरिंगली अँड ब्रेव्हली’. डेरिंगली असेल. ब्रेव्हली मुळीच नाही. त्याने कुणासाठी काय पणाला लावलं? त्याला स्वतःच्या मानेची किंमत नाही आणि समोरून येणाऱ्या डंपरवाल्याच्या झोपेचीही नाही. आपल्या जुन्या धर्मशास्त्रांत भांडणतंट्यांचे, खटल्यांचे अठरा प्रकार सांगितले आहेत आणि त्यांतला एक ‘साहस’ आहे. कौतुकाचा शब्द म्हणून नाही, गुन्हा म्हणून. बळाच्या मस्तीत केलेली जबरदस्ती. आज आपण साहसी पर्यटन म्हणतो, साहसकथा म्हणतो, शब्द सुधारला. तुझा मित्र मात्र जुन्या अर्थात बसतो. निबंध परत लिही. आणि त्याला हेल्मेट घाल म्हणावं.

एक मजेची गोष्ट सांगते, म्हणजे तुम्ही झोपणार नाही. इंग्रजीत ब्रेव्हली दरवेळी तलवार घेऊनच येतं असं नाही. घरी पाहुणे आले, तुम्ही केलेली भाजी करपली, आणि मामा ती ताटातली संपवतो. इंग्रज लिहील, ‘अंकल ब्रेव्हली फिनिश्ड द करी’. इथे तो मामाला चिमटा काढत नाही, भाजीला काढतोय. आणि ‘शी स्माइल्ड ब्रेव्हली’. याचं भाषांतर एकीने ‘ती धैर्याने हसली’ असं केलंय. धैर्याने कोण हसतं? आत रडू दाबलेलं आहे, कुणाला दिसू नये म्हणून तोंडावर हसू आणलेलं आहे. आपण म्हणतो, उसनं हसू आणलं. दवाखान्यात आईसमोर मुलगी अशी हसते. कोशात ब्रेव्हलीसमोर ‘शौर्याने’ दिसलं म्हणून तिथे तलवार उपसायची नसते.

शेक्सपिअरच्या काळात तर झकपक कपडे घातलेल्यालाही ब्रेव्ह म्हणत, आणि ब्रेव्हली म्हणजे थाटात, छान. ब्राव्हो म्हणून टाळ्या वाजवतात तो शब्द त्याच घरातला, इटलीकडून आलेला. हे ऐकून तुम्हाला काही आठवलं? मला नाक्यावरचे फ्लेक्स आठवले. वाढदिवस कुणाचाही असो, ‘निर्भीड’, ‘धडाडीचे’, ‘धाडसी नेतृत्व’, पांढरे कपडे, गॉगल, खाली शुभेच्छुकांचे बारीक फोटो. काय धाडस केलं, कधी, कुणापुढे, एक ओळ नसते. तुमचं इंग्रजी मी वाचते तेव्हा मला तो फ्लेक्स दिसतो. तुम्ही तिथूनच शिकलात, गाइडचा दोष फार नाही. ज्या गावात चौकाचौकात न केलेल्या धाडसाचे फलक लागतात, तिथल्या पोरांना खऱ्या धाडसाला तारीख लागते हे कोण सांगणार? मीच सांगायचं, म्हणून घसा फोडतेय.

काय? मोठ्याने बोल. ‘मॅडम, ब्रेव्हली काढलं तर शब्द कमी पडतील, दीडशे होणार नाहीत.’

वा! शब्द कमी पडतात, कारण तुझ्याकडे सांगायला काही नाही. आजोबांना विचारलंस का 1984 मध्ये ते कुठे होते? तू म्हणालास, ते नाक्यावर बसलेले असतात. मग नाक्यावर जा. ते त्या दिवशी कसे गेले, एसटीने की चालत, सोबत कोण होतं, घरी कुणी अडवलं, रात्री परत कधी आले, जेवले का. यातली चार उत्तरं मिळाली तरी तुझे दीडशे होऊन वर उरतील. पहिल्यांदा ते म्हणतील, मला काही आठवत नाही. म्हातारी माणसं पहिल्यांदा तसंच म्हणतात. पाणी दे, बस, पुन्हा विचार. ते गेलेच नव्हते असं निघालं, तर तेही लिही. कामावर होते, घाबरले होते, आईने जाऊ दिलं नाही, जे असेल ते. न गेलेल्या माणसाची गोष्टही खरी असली तर मी वाचेन.

तर सोमवारपर्यंत निबंध नव्याने. फोन बंद. पहिल्या पाच ओळींत ठिकाण, तारीख आणि हातात काय होतं ते आलं पाहिजे. ब्रेव्हली फक्त एकदा वापरायची मुभा आहे. जिथे वापराल तिथे खाली रेघ मारून समासात मराठीत लिहायचं, इथेच का, क्रियापदाच्या आधी का किंवा नंतर का. कारण पटलं नाही तर वाक्य मी खोडेन आणि तुम्ही भांडायचं नाही. भांडायचं असेल तर कारण घेऊन भांडा, ते मला चालेल. ज्याला एकदाही वापरावंसं वाटलं नाही, त्याची वही मी आधी तपासेन.

आणि स्पेलिंग. ब्रेव्हला एलवाय लावताना मधला ई खायचा नाही. चौघांनी खाल्लाय, आणि एकाने तो एलच्या नंतर नेऊन बसवलाय.